पहाटेचे स्वप्न आणि दुसरी झोप

पहाटेचे स्वप्न खरे होते, असे आमची आजी म्हणायची. स्वप्नांचे तिचे वेळापत्रक पक्के होते. रात्रीच्या पहिल्या प्रहरात पडलेले स्वप्न फळायला वर्ष लागते, दुसऱ्या प्रहरातले सहा महिन्यांनी, तिसऱ्यातले तीन महिन्यांनी आणि कोंबडा आरवायच्या सुमाराचे दहा दिवसांत फळते. स्वप्न चांगले असेल तर उठून बसायचे, पुन्हा झोपायचे नाही. वाईट असेल तर कूस बदलून खुशाल झोपून जायचे. आजीला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे हे तिने कुठल्या पंचांगात वाचले नव्हते. तिच्या आईने तिला सांगितले, तिने आम्हाला सांगितले.

आजीची आठवण परवा झाली ती भाच्यामुळे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला तो बारामतीत आमच्याकडे राहतो. दिवसभर अभ्यासिकेत असतो, रात्री जेवायला घरी. गेल्या महिन्यात त्याच्या मोबाईलचा गजर रात्री एकला, अडीचला आणि चारला असा तीनदा वाजू लागला. घरातली सगळी जागी होत. मी विचारले तर म्हणाला, ‘‘मामा, स्वप्नात जागं व्हायला शिकतोय. आपण स्वप्नात आहोत हे स्वप्नातच कळतं. मग पाहिजे ते करता येतं.’’ पंधरा दिवस हे चालले. सोळाव्या दिवशी सकाळी मोटारसायकलवरून इंदापूरला घरी जाताना सणसरच्या पुढे त्याचा डोळा लागला आणि गाडी साइडपट्टीवरून खाली गेली. कोपर सोलपटले, आरसा फुटला, एवढ्यावर निभावले. शेजारून उसाची बैलगाडी चालली होती. तिच्या जागी दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर असता तर हा लेख मी लिहीत बसलो नसतो.

घरच्यांनी त्याला आणि त्याच्या स्वप्नांना यथेच्छ झोडपले. मला मात्र ते पटले नाही. पोराचा नाद खोटा नव्हता, वेळ चुकली होती. त्या वेळेविषयीच आज लिहायचे आहे. कारण या विद्येत बाकी सगळे सोपे आहे, गणित आहे ते वेळेचे. आणि आमच्या बारामती-इंदापूरकडच्या माणसाला ते गणित करायला बसले की निराळेच काही हाती लागते.

माझा स्वतःचा अनुभव आधी सांगतो. आमचे जुने गाव भीमेच्या काठी, पळसदेवच्या अलीकडे. उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. पळसनाथाचे दगडी देऊळही पाण्यात गेले. आम्ही वर माळावर येऊन राहिलो. पाणी हाताशी आले म्हणून वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, मोटार बसवली आणि ऊस लावला. मी तेव्हा अकरावीत होतो. थ्री फेज वीज बहुतेक रात्रीची यायची. मग अण्णांची हाक ऐकू यायची, ‘‘ऊठ रं, लाईट आली.’’ ते खोरे घेऊन पुढे, मी बॅटरी घेऊन मागे. दारे धरायची, म्हणजे एक सरी भरली की पाणी दुसरीकडे वळवायचे. पायाला गार चिखल आणि डोळ्यांवर झोप. साडेतीन-चारच्या सुमाराला अण्णा म्हणायचे, ‘‘जा तू, पड घटकाभर. साळा हाय तुला.’’ घरी येऊन मी पाय न पुसताच बाजेवर आडवा व्हायचो.

अशाच एका पहाटे, १९८३ च्या हिवाळ्यात, मला आमचे जुने गाव दिसले. वेस, पार, आमचा ओटा आणि ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली आजी. ती तोवर जाऊन दोन वर्षे झाली होती. मी वेशीतून आत शिरलो आणि थबकलो. मनात आले, हे गाव तर पाण्यात आहे, मग मी उभा कुठे? आणि लख्ख उमगले की हे स्वप्न आहे. बाजेवर मी झोपलेलो आहे आणि हे सगळे मला दिसते आहे. ओट्याचा दगड इतका खराखुरा होता की मी त्याला हात लावला. तो थंड लागला. आजीला हाक मारावी म्हणून तोंड उघडले, छाती धडधडू लागली आणि सगळे विरून गेले. जागा झालो तेव्हा पायावर चिखल वाळला होता. मी कोणाला काही सांगितले नाही. पण तो थंड दगड आजही माझ्या तळहाताला आठवतो.

पुढे शिक्षक झालो, वाचनालयाचा नाद लागला, तेव्हा कळले की या अनुभवाला नाव आहे. फ्रेडरिक फान एडन नावाच्या डच मानसोपचारतज्ज्ञाने १९१३ साली आपल्या स्वप्नांवर निबंध वाचला आणि त्यात ‘ल्युसिड ड्रीम’ हा शब्द रूढ केला. मी त्याला जाणते स्वप्न म्हणतो. स्वप्न चालू असताना ते स्वप्न असल्याची जाण राहणे, एवढाच त्याचा अर्थ. स्वप्नातले सगळे आपल्या मनाप्रमाणे घडवता येणे ही पुढची गोष्ट आणि ती प्रत्येकाला साधतेच असे नाही.

शास्त्रज्ञांचा यावर बरीच वर्षे विश्वास नव्हता. झोपलेला माणूस जागा कसा असेल, असा त्यांचा रोकडा प्रश्न. उत्तर मिळाले ते डोळ्यांतून. १९५३ साली शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवून दिले होते की झोपेत ठरावीक अंतराने बंद पापण्यांखाली बुबुळे भराभर हलतात, आणि त्या वेळी उठवले तर माणूस हमखास स्वप्न सांगतो. या अवस्थेला रेम झोप म्हणतात. तेव्हा हातपाय लुळे पडलेले असतात, पण डोळे मोकळे असतात. इंग्लंडात हल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत १९७५ साली कीथ हर्न यांनी अॅलन वर्स्ली नावाच्या माणसाला सांगून ठेवले की स्वप्नात आहोत हे कळले की डोळे ठरल्याप्रमाणे डावी-उजवीकडे फिरव. त्याने ते केले आणि यंत्राच्या कागदावर खूण उमटली. अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी हेच स्वतंत्रपणे सिद्ध केले. त्यांचा निबंध १९८१ साली प्रसिद्ध झाला. २०२१ साली तर चार देशांतल्या संशोधकांनी झोपलेल्या माणसांना आठातून सहा गेले किती, असली गणिते घातली आणि काहींनी स्वप्नातूनच डोळे हलवून बरोबर उत्तर दिले. यश शंभरात अठरा वेळांचे, पण ते खरे.

हे सगळे परदेशी खूळ आहे असे कोणी म्हणेल. पण जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या तीन अवस्था आणि त्यांच्या पलीकडची चौथी, यांचा विचार मांडूक्य उपनिषदात आहे. स्वप्नातून मिळणाऱ्या ज्ञानावर चित्त स्थिर करता येते, असे पतंजली सांगतो. आणि ज्या तुकोबांची पालखी दर वर्षी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी आमच्या दारावरून जाते, त्यांना गुरूपदेश झाला तो स्वप्नात. नामदेवांनी पांडुरंगाला बरोबर घेऊन कवित्व करायला सांगितले तेही स्वप्नात. त्यांनीच ते अभंगांतून सांगून ठेवले आहे. ती जाणती स्वप्ने होती असा माझा दावा नाही. पण स्वप्न म्हणजे अपचनाचा धूर, एवढ्यावर हा विषय उडवून लावणारा आपला समाज नव्हे.

आता वेळेचे गणित. आपली झोप एकसारखी नसते. साधारण दीड तासाचे एक आवर्तन, अशी रात्रीत चार-पाच आवर्तने होतात. कालव्याच्या आवर्तनासारखेच समजा. पहिल्या आवर्तनांत गाढ झोपेचा वाटा मोठा असतो. शरीराची झीज त्यात भरून निघते. त्या वेळची रेम झोप जेमतेम पाच-दहा मिनिटांची. रात्र सरत जाते तशी गाढ झोप आटते आणि रेम लांबत जाते. पहाटेच्या आवर्तनात ती अर्धा-पाऊण तासही टिकते. म्हणजे रात्रीच्या स्वप्नांचा मोठा हिस्सा शेवटच्या दोन-तीन तासांत पडतो आणि जाग लगेच येत असल्याने लक्षातही तोच राहतो. आजीच्या वेळापत्रकातला फळाचा भाग सोडून देऊ. पण पहाटेच्या स्वप्नाला तिने दिलेला मान अगदीच अनाठायी नव्हता.

भाच्याचा पहिला गजर एकला वाजायचा. बारा वाजता झोपलेल्या पोराला एकला उठवणे म्हणजे त्याच्या गाढ झोपेवर कुऱ्हाड मारणे. त्या वेळी हाती लागण्याजोगे स्वप्नच नसते. अडीचचा गजरही तसाच. चारचा त्यातल्या त्यात बरा, पण तोवर दोनदा मोडलेल्या झोपेत जाणीव राहणार कुठून? पंधरा दिवसांत त्याला एकही जाणते स्वप्न पडले नाही, यात नवल नाही.

मग नवशिक्याने काय करावे? माझ्या वाचनातून आणि थोड्याफार अनुभवातून मी त्याला जे सांगितले ते असे.

पहिले दोन आठवडे गजर लावायचाच नाही. उशाशी वही ठेवायची. सकाळी जाग आली की न हलता, डोळे मिटून, काय दिसले ते आठवायचे आणि चार ओळी लिहायच्या. आपल्या स्वप्नांत पुन्हा पुन्हा काय येते ते यातून कळते. कोणाला शाळेतली परीक्षा दिसते, कोणाची एसटी चुकते, कोणाला गेलेले माणूस भेटते. मला बुडालेले गाव दिसते. ही आपली खूण. खूण ओळखली की निम्मे काम झाले.

दिवसाही काही वेळा ठरवून घ्यायच्या. चप्पल घालताना, उंबरा ओलांडताना, चहाचा कप हातात घेताना स्वतःला मनापासून विचारायचे, मी आत्ता स्वप्नात तर नाही ना? मग घड्याळ किंवा पाटीवरची अक्षरे दोनदा पाहायची. स्वप्नात ती दुसऱ्यांदा पाहताना बहुधा बदलतात. दिवसाची ही सवय रात्री स्वप्नात उतरते. स्वप्नात दिव्याचे बटण दाबले तर दिवा नीट लागत नाही, असेही हर्न यांनी नोंदवले आहे. पण ही कसोटी आमच्या भागात चालत नाही. आमच्याकडे बटण दाबून दिवा लागला नाही तर ते स्वप्न नसते, भारनियमन असते.

तिसऱ्या आठवड्यापासून, फक्त शनिवारी रात्री, मुख्य प्रयोग करायचा. दहाला झोपायचे. गजर तीन किंवा साडेतीनचा, म्हणजे पाच-साडेपाच तास झोप पदरात पडल्यावरचा. उठून तोंड धुवायचे, मंद दिव्यात अर्धा तास बसायचे. मोबाईल पाहायचा नाही, चहा घ्यायचा नाही. नुकतेच पडलेले स्वप्न आठवायचे आणि मनाशी म्हणायचे, पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल. लाबर्ज यांची रीत ती हीच. तेच स्वप्न पुन्हा पाहतो आहोत आणि त्यातली खूण ओळखतो आहोत, अशी कल्पना करीत पुन्हा अंथरुणाला पाठ टेकायची. आणि मग गजराशिवाय, पाहिजे तितके झोपायचे. सात वाजोत की आठ.

यातले शेवटचे वाक्य सगळ्यांत महत्त्वाचे आहे. ऑस्ट्रेलियातले संशोधक डेनहोम अॅस्पी यांनी २०१७ साली या रीतीची तपासणी प्रसिद्ध केली. पाच तासांनी उठणे, मनाशी ठरवणे आणि दिवसाची कसोटी, हे तिन्ही करणाऱ्यांना आठवड्यातल्या साधारण १७ टक्के रात्री यश आले. पण मनाशी ठरवून झाल्यावर पाच मिनिटांच्या आत ज्यांना झोप लागली, त्यांचे यश ४६ टक्क्यांच्या आसपास गेले. अर्थ सरळ आहे. उठणे कोणालाही जमते. कस लागतो तो पुन्हा निवांत झोपी जाण्यात. सगळा खेळ दुसऱ्या झोपेचा आहे.

स्वप्नात जाण आली की हुरळून जायचे नाही, नाहीतर माझ्यासारखे हाती आलेले निसटते. तळहात एकमेकांवर चोळायचे, आसपासची एखादी वस्तू न्याहाळायची, स्वप्न टिकते. कधी जाग येते पण अंग हलत नाही, छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते. आपल्याकडे त्याला भुताचे नाव देतात. तो रेम झोपेचा लुळेपणा, क्षणभर मागे रेंगाळलेला. घाबरायचे कारण नाही, शांत राहिले की तो जातो. मात्र ज्यांना मनाचा आजार आहे, भास होतात किंवा मुळातच झोप लागत नाही, त्यांनी या वाटेला जाऊ नये. आणि ज्यांना सकाळी लवकर गाडी चालवायची आहे, त्यांनी त्या रात्री तर मुळीच नाही.

हे सगळे मी भाच्याला समजावत होतो तेव्हा थोरले बंधू ओसरीवर बसून ऐकत होते. ते गावी शेती करतात. इंदापूरहून डॉक्टरकडे आले होते, रक्तदाबाची गोळी बदलून घ्यायला. माझे व्याख्यान संपल्यावर म्हणाले, ‘‘म्हंजी मधीच उठायचं, अर्धा तास जागायचं आन् परत झोपायचं. ही काय नवी विद्या रं? चाळीस वर्षं करतोय की मी. फकस्त ते परत झोपायचं ऱ्हाऊन गेलं.’’

आम्ही हसलो. पण रात्री मला झोप आली नाही.

कारण दादांचे म्हणणे खरे होते. आमच्या दोन तालुक्यांत अर्ध्या रात्री उठणारी माणसे हजारोंनी आहेत. वीज रात्रीची असली की शेतकरी उठतो. नीरा डाव्या कालव्याची पाळी रात्री आली की उठतो, कारण पाळी चुकली तर पाणी पुढच्या आवर्तनाला. गळीत हंगामात पहाटे चारला पाळी बदलते, कारखान्याचा भोंगा वाजतो, तेव्हा कामगार उठलेला असतो. ऊसतोडीला आलेली माणसे तर ट्रक येईल तेव्हा उठतात, मग तो एकला येवो की तीनला. पाचटाच्या कोपीत निजलेली बाई लेकराला तसेच ठेवून मोळ्या डोक्यावर घेते. आमच्या वहिनी साडेचारला उठतात, धारा काढतात, दूध डेअरीला जाते, मग डबे. दुसरी झोप हा शब्दच त्यांच्या संसारात नाही. स्वप्न पाहायला लागणारी ती पहाटच नेमकी या सगळ्यांकडून काढून घेतलेली असते.

यात केवळ स्वप्नांचे नुकसान नाही. पहाटेची ती रेम झोप मनाची डागडुजी करते, दिवसभरातला राग-लोभ निववते, हे आता चांगले ठाऊक झाले आहे. सतत मोडलेल्या झोपेचा रक्तदाबाशी, मधुमेहाशी, चिडचिडीशी संबंध आहे. शिवाय रात्रीच्या शिवारात साप असतो, ओल्या हातांनी उघडलेली स्टार्टरची पेटी असते. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ साली सौर कृषिवाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. त्यांची चर्चा नेहमी मेगावॉट आणि रुपये यांत होते. कोणत्या गावाला किती रात्रींची झोप परत मिळाली, हा आकडाही एकदा कोणी मांडावा. शेतकऱ्याला दिवसा वीज देणे म्हणजे त्याच्या पिकाला पाणी देणे आहेच, पण त्याच्या घराला पहाट परत देणेही आहे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. जाणते स्वप्न ही चोरीच्या झोपेवर करायची विद्या नव्हे. ती पोटभर झोपेवरची साय आहे. दूधच नासवले तर साय कुठून येणार? आधी आठ दिवस नीट झोपा. आठव्या रात्री, उशिरा उठण्याची मुभा असेल आणि सकाळचा चहा दुसरे कोणी करणार असेल, तर गजर लावा. आणि तो चहा कोण करते आहे, तिला स्वतःची शनिवारची रात्र कधी मिळते, हाही प्रश्न त्याच वहीत लिहून ठेवा.

भाच्याने वहीपासून सुरुवात केली आहे. तीन शनिवार झाले. जाणते स्वप्न अजून पडलेले नाही, पण अभ्यासिकेत डुलक्या घेणे बंद झाले, असे तो म्हणतो. रविवारी सकाळी चहा मी करतो. मागच्या आठवड्यात दादा-वहिनींना मुद्दाम दोन दिवस इकडे ठेवून घेतले. मोटार गड्याच्या ताब्यात दिली, धारा शेजाऱ्यांनी काढल्या. वहिनी पहिल्या दिवशी सवयीने साडेचारला उठल्या, स्वयंपाकघरात आल्या. मी म्हटले, ‘‘वहिनी, जा, पडा जरा.’’ त्या गेल्या आणि साडेसातला उठल्या. चेहरा वेगळाच दिसत होता. म्हणाल्या, ‘‘भावजी, आईच्या घरी गेले होते. जुन्या गावातल्या. सगळं होतं तिथं जसंच्या तसं.’’

ते स्वप्न आहे हे तुम्हाला कळले का, असे विचारायचे माझ्या अगदी ओठांवर आले होते. मी विचारले नाही. चहाचा कप पुढे केला.

उन्हाळ्यात उजनीचे पाणी खूप ओसरले की पळसनाथाचे देऊळ वर येते. लोक बघायला जातात. यंदा ते दिसले तर आम्ही सगळे जाणार आहोत, दादांनाही घेऊन. पण दिवसा वीज असेल तर. नाहीतर ते म्हणतील, तुम्ही जाऊन या, मला जरा पडू दे.